ग्रिडायर्न फुटबॉलमधील खेळाडूंच्या जागा

ग्रिडायर्न फुटबॉल हा अमेरिका आणि कॅनडात वाढलेला, लंबगोल चेंडूने खेळायचा सांघिक खेळ. मैदानावर ठरावीक अंतरावर आखलेल्या रेषा भाजणीच्या लोखंडी जाळीसारख्या दिसतात, त्यावरून हे नाव पडले. अमेरिकन प्रकारात एका वेळी प्रत्येक संघाचे 11 खेळाडू मैदानात असतात. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. या प्रयत्नाला डाउन म्हणतात. इथे खेळाडूची जागा ही नुसती सोय नाही. झेल कोण घेऊ शकतो आणि कोण नाही, हे नियमानेच ठरलेले असते. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, पण खेळ उलगडतो तो चेंडूला सहसा हातही न लागणाऱ्या पाच जणांकडे पाहिल्यावर.

जागांची ही व्यवस्था रग्बीतून फुटून निघाली. 1880 साली येल विद्यापीठाचे खेळाडू वॉल्टर कँप यांच्या आग्रहाने संघ 15 वरून 11 वर आला आणि चेंडूसाठी दोन्ही बाजूंनी एकदम झोंबण्याऐवजी तो एकाच संघाच्या ताब्यात देऊन खेळ सुरू करायचा, असे ठरले. चेंडू जिथे ठेवला जातो तिथून मैदानाच्या रुंदीभर जाणारी कल्पित रेषा म्हणजे स्क्रिमेज रेषा. या रेषेपासून किती मागे उभे राहायचे, यावरून पाव अंतरावरचा क्वार्टरबॅक, निम्म्यावरचा हाफबॅक आणि सर्वांत मागचा फुलबॅक अशी नावे पडली. माणसे जागा बदलत गेली, नावे तशीच राहिली. आज फुलबॅक बऱ्याचदा धावणाऱ्या खेळाडूच्या पुढे उभा दिसतो. 1906 मध्ये चेंडू हाताने पुढे फेकायला, म्हणजे पासला, परवानगी मिळाली आणि झेल घेणाऱ्यांचे महत्त्व वाढू लागले.

आक्रमण करणाऱ्या संघाचे किमान सात जण रेषेवर असावे लागतात. त्यांतले मधले पाच म्हणजे आक्रमक फळी : मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल. त्यांना पुढे फेकलेला चेंडू झेलण्याचा हक्क नसतो. पाठीवरचे 50 ते 79 मधले आकडे त्याचीच खूण. व्यावसायिक खेळात यांतल्या बहुतेकांचे वजन 136 किलोंच्या वर असते. तरी नुसत्या वजनावर हे काम भागत नाही. सेंटर वाकून, पायांमधून चेंडू मागे देतो. त्याच क्षणी समोरचा तितकाच धिप्पाड गडी अंगावर आलेला असतो आणि चेंडू सोडलेला हात पुन्हा वर आणून त्याला थोपवायचे असते. थोपवायचे तेही धरून न ठेवता. प्रतिस्पर्ध्याला पकडले आणि पंचाने पाहिले, तर संघ दहा यार्ड मागे जातो.

फळीतली डावी बाजू सर्वांत जोखमीची. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक चेंडू टाकायला वळतो तेव्हा त्याची पाठ डावीकडे होते आणि तिकडून धावत येणारा माणूस त्याला दिसत नाही. 18 नोव्हेंबर 1985 च्या रात्री वॉशिंग्टनचे क्वार्टरबॅक जो थाइसमन यांना न्यूयॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलर यांनी लोळवले. थाइसमन यांचा पाय मोडला, आणि ते पुन्हा खेळू शकले नाहीत. मदत बोलावण्यासाठी बाकावरच्यांना हाताने खुणा करणारे टेलर त्या चित्रीकरणात दिसतात. टेलर यांच्यासारखा वेगवान हल्लेखोर रोखू शकणारा डावा टॅकल ही त्यानंतरच्या काळात संघांची मोठी गरज ठरली.

क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. चाल प्रशिक्षक ठरवतो. व्यावसायिक लीगमध्ये 1994 पासून ती शिरस्त्राणातल्या रेडिओवरून क्वार्टरबॅकच्या कानात येते, आणि चालीच्या घड्याळात 15 सेकंद उरली की रेडिओ बंद होतो. पुढचे त्याचे त्याने पाहायचे. समोरचा बचाव कसा उभा आहे हे वाचायचे, ठरलेली चाल फसणार असे दिसले तर रेषेवरूनच ओरडून ती बदलायची, आणि चेंडू हाती आल्यावर तीनएक सेकंदांत निर्णय घ्यायचा. चांगला क्वार्टरबॅक चेंडू माणसाकडे फेकत नाही, जागेकडे फेकतो : वाइड रिसीव्हर, म्हणजे कडेने धावत झेल घेणारा गडी, अजून वळलेलाही नसतो आणि चेंडू हवेत सुटलेला असतो. दोघांची पावले सरावात मोजून बसवलेली असतात, म्हणून हे जमते. रनिंग बॅक चेंडू घेऊन फळीने पाडलेल्या फटीतून धावतो, आणि पास असेल तेव्हा क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना अडवतो. टाइट एंड फळीच्या टोकाला उभा राहून अडवण्याचे कामही करतो आणि झेलही घेतो.

बचावात असले कायदेशीर बंधन नाही. कोणीही कुठेही उभा राहू शकतो, कोणीही झेल हिसकावू शकतो. तिथल्या जागा गरजेतून घडल्या. पुढची फळी रेषा फोडते, तिच्या मागे लाइनबॅकर, आणि सर्वांत मागे कॉर्नरबॅक व सेफ्टी. पुढे चार व मागे तीन लाइनबॅकर असले तर तो 4-3 बचाव. उलट असेल तर 3-4. पासचे प्रमाण वाढले तसे एक लाइनबॅकर काढून पाचवा मागचा खेळाडू आणायची पद्धत रूढ झाली. अमेरिकेतल्या पाच सेंटांच्या नाण्यावरून तिला निकेल म्हणतात. सहावा आणला की दहा सेंटांचे डाइम. बचावात सर्वांत एकाकी काम कॉर्नरबॅकचे. कुठे जायचे हे रिसीव्हरला आधीच ठाऊक असते, कॉर्नरबॅकला मात्र उलट पावली पळत ते ओळखायचे असते, आणि व्यावसायिक खेळात 1978 पासून पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला रेटताही येत नाही.

लाथेने चेंडू मारण्याच्या प्रसंगी तिसराच ताफा उतरतो. फील्ड गोलच्या, म्हणजे चेंडू लाथेने गोलच्या खांबांमधून मारण्याच्या, वेळी लाँग स्नॅपर डोके खाली घालून पायांमधून उलटे जग पाहतो आणि सुमारे सात यार्ड मागे गुडघ्यावर बसलेल्या होल्डरच्या हातात चेंडू फिरवत सोडतो. होल्डर तो टोकावर उभा करतो आणि शिवण किकरच्या पायापासून पलीकडे जाईल असा फिरवतो, तोवर किकरचे पाऊल पडलेले असते. हे सगळे साधारण 1.3 सेकंदांत. पूर्वी किकर सरळ धावत येऊन चवड्याने मारत. हंगेरीत जन्मलेले पीट गोगोलॅक 1964 मध्ये बफेलो बिल्सकडून व्यावसायिक खेळात उतरले, ते आपल्या ओळखीच्या फुटबॉलप्रमाणे तिरके येत पायाच्या आतल्या बाजूने मारत. आज सगळे तसेच मारतात.

एवढी विभागणी शक्य झाली ती बदली खेळाडूंच्या नियमामुळे. पूर्वी तेच 11 जण आक्रमणही करीत आणि बचावही. 1950 मध्ये व्यावसायिक लीगने अमर्याद बदल कायमचे मान्य केले आणि दोन स्वतंत्र संघ उभे राहिले. जुन्या रीतीचा शेवटचा मोठा मानकरी म्हणून फिलाडेल्फिया ईगल्सच्या चक बेडनारिक यांचे नाव घेतात. 1960 च्या अंतिम सामन्यात ते सेंटर म्हणूनही खेळले आणि लाइनबॅकर म्हणूनही, आणि ग्रीन बेच्या जिम टेलर यांना शेवटच्या चालीत त्यांनीच पाडले. ईगल्सने तो सामना 17-13 असा जिंकला.

कॅनडात तीनच डाउन मिळतात. दहा यार्ड लवकर गाठायचे म्हणून पासवर भर अधिक, आणि संघात जास्तीचा असलेला 12 वा खेळाडू बहुधा रिसीव्हर किंवा मागचा बचावपटू असतो. चेंडू सुटण्याआधी रेषेच्या दिशेने धावत येण्याची मुभाही तिथल्या मागच्या खेळाडूंना आहे. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये येणाऱ्या फ्लॅग फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूला पाचच जण खेळतात. कोणी कोणाला अडवत नाही की पाडत नाही, कमरेची पट्टी ओढली की चाल संपते. तिथे चेंडू मागे देणारा सेंटर लगेच पुढे धावतो आणि झेलही घेऊ शकतो.