प्राध्यापकाची रजा आणि तारामाशाचं पोट

विद्यापीठातल्या कुणाला सब्बॅटिकल, म्हणजे संशोधनासाठीची लांब रजा, मिळाली की आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली: ‘वर्षभर पगारी सुट्टी, मजा आहे बुवा!’ परिसरशास्त्राच्या बाबतीत तरी हे साफ चूक. रसायनशास्त्राचा प्रयोग पुण्यात केला काय नि टोकियोत केला काय, परीक्षानळी तीच. समुद्रकिनारा मात्र बाटलीत भरून नेता येत नाही. एका किनाऱ्यावर दिसलेलं दुसरीकडेही दिसतं का, हे बघायचं तर माणसालाच तिकडे मुक्काम ठोकावा लागतो.

रॉबर्ट पेन यांनी तेच केलं. वॉशिंग्टन विद्यापीठातले हे प्राध्यापक 1963 पासून अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या मकाह उपसागराच्या कातळावर ओहोटीच्या वेळी जायचे, जांभळे-नारिंगी तारामासे पहारीने उचकटायचे आणि लांब पाण्यात भिरकावून द्यायचे. प्रयोगाची जागा जेमतेम 8 मीटर लांब, 2 मीटर उंच. शेजारच्या तुकड्याला हात लावायचा नाही. 1966 साली त्यांनी निष्कर्ष छापले तेव्हा तारामासे काढलेल्या तुकड्यावर 15 जातींपैकी 8 उरल्या होत्या.

शिकारी हटवला की भक्ष्य वाढणार, हे शाळकरी पोरही सांगेल. पण बाकीच्या जाती का गेल्या? कारण कातळावरची मारामारी खाण्यासाठी नसते. शिनाणे (तारामाशाचं भक्ष्य असलेले शिंपले), बार्नेकल (कातळाला चिकटलेले बारके कवचधारी जीव) यांचं अन्न पाण्याबरोबर आयतं येतं. टंचाई असते ती चिकटायला जागेची. आणि जागा बळकावण्यात शिनाण्यांचा हात कुणी धरत नाही. चिवट धाग्यांनी ते दगडाला घट्ट बांधून घेतात, एकमेकांना खेटून वाढतात, शेजाऱ्याच्या अंगावर चढतात. खालचा गुदमरतो.

त्यांना आवरतो तारामासा. शिंपल्याच्या दोन्ही झडपांना नळीसारख्या पायांनी धरून तो ओढत राहतो. बारीकशी फट पडली, की स्वतःचं जठर तोंडातून बाहेर काढून त्या फटीत सरकवतो आणि आतला जीव त्याच्याच घरात पचवतो. या जेवणाला तासन्‌तास लागतात. उंचावरचा कातळ ओहोटीत फार वेळ कोरडा राहतो, तेवढा वेळ तिथे तारामाशाला परवडत नाही. म्हणून वर शिनाण्यांचा काळा पट्टा, खाली इतरांची मिश्र वस्ती आणि मध्ये आखल्यासारखी सीमारेषा.

1960च्या दशकाच्या अखेरीस पेन पाहुणे संशोधक म्हणून न्यूझीलंडला गेले. ऑकलंडजवळच्या अनाफाटा किनाऱ्यावर तारामासा वेगळा, स्टिकॅस्टर नावाचा; शिनाणेही वेगळे, आपल्या रत्नागिरी-गोव्याकडच्या हिरव्या शिनाण्यांच्या पर्ना गटातले. तरी तारामासे हटवल्यावर नऊ महिन्यांत पट्टा 40 टक्के खाली सरकला आणि 20 जातींपैकी 6 नाहीशा झाल्या. पात्रं बदलली, नाटक तेच.

अशा प्राण्यासाठी पेन यांनी 1969 मध्ये ‘कीस्टोन प्रजाती’ ही संज्ञा वापरली. आता ती पोस्टरवाल्यांच्या हाती लागली आहे. वाघ कीस्टोन, वड कीस्टोन, खारफुटी कीस्टोन! संख्येच्या मानाने प्रभाव बेसुमार मोठा, ही खरी अट; जिकडेतिकडे पसरलेल्या खारफुटीला ती लागू पडत नाही, तिचं महत्त्व वेगळ्या जातीचं. शिवाय सगळे शिकारी कीस्टोन नसतात. मकाहला तारामासे हटवल्यावर शिनाणे खाणाऱ्या गोगलगाई कित्येक पटींनी वाढल्या, पण शिनाण्यांना त्या रोखू शकल्या नाहीत.

‘माणसाने हात काढला की निसर्ग आपोआप समतोल साधतो’ हे सुभाषितही इथे अडखळतं. चिलीच्या किनाऱ्यावरही हाच प्रयोग झाला आणि तिन्ही देशांची तुलना 1985 मध्ये प्रसिद्ध झाली. हटवणं थांबवून तारामाशांना परत येऊ दिलं, तर काय होतं? चिलीत शिनाणे पुन्हा मागे हटले. वॉशिंग्टन आणि न्यूझीलंडमध्ये ते तिथेच ठाण मांडून बसले. झडपा उघडायला लागणारं बळ शिनाण्याच्या आकाराबरोबर वाढतं. शिकाऱ्याच्या गैरहजेरीत या दोन ठिकाणचे शिनाणे इतके मोठे झाले होते, की परतलेल्या तारामाशांना ते उघडेनात. चिलीतली जात मुळातच लहान चणीची, तिला असा आसरा मिळालाच नाही. म्हणजे शिकारी गेल्याचा परिणाम तिन्हीकडे सारखा, परतल्याचा मात्र नाही. आणि तो फरक एकट्या मकाहच्या कातळावर बसून कुणालाही दिसला नसता.