विद्यार्थ्यांचा सहकारी स्टॉल : शाळांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून सांगलीची हळद, कोकणातील आमसूल आणि बचत गटातील महिलांनी शिवलेल्या कापडी पिशव्या घेऊन शाळेत विद्यार्थ्यांचा सहकारी स्टॉल सुरू करू इच्छिणाऱ्या मुख्याध्यापकांसाठी व शिक्षकांसाठी हे माहितीपत्रक आहे. माल आम्ही पुरवतो. दुकान मात्र विद्यार्थ्यांचे असते आणि ते त्यांचेच राहावे, असा आमचा आग्रह आहे.

भांडवल विद्यार्थ्यांनी लहान भागांतून (शेअर्समधून) उभे करावे. 60 सभासदांनी प्रत्येकी 20 रुपयांचा एक भाग घेतला, तर पहिल्या मागणीसाठी 1,200 रुपये पुरतात. एका शाळेत एका हितचिंतकाने सद्भावनेने सगळी रक्कम एकट्याने दिली. त्यानंतर काय विकायचे आणि किती किमतीला, हे त्यांनाच विचारून ठरू लागले, आणि मुलांनी सभेला येणे सोडले. म्हणून भाग कितीही असोत, मत एकच, हा नियम पहिल्याच सभेत लिहून घ्यावा. किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, विद्यार्थ्यांनी रोज लिहावी आणि शिक्षकांनी ती फक्त तपासावी.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे सभासद होण्यासाठी करार करण्यास पात्र, म्हणजे मुख्यतः सज्ञान, असावे लागते. मात्र केवळ शाळा-महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या हितासाठी स्थापन झालेल्या संस्थेला या अटीतून सूट आहे. बहुतेक शाळांना नोंदणीची गरज भासत नाही. नोंदणी नसेल, तर फलकावरील नावात ‘सहकारी’ हा शब्द घालू नये. कामकाज मात्र सहकारी पद्धतीनेच चालवावे.

वाढावा, म्हणजे खर्च वजा जाता उरलेला नफा, कसा वाटायचा, हा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. इंग्लंडमधील रॉचडेल येथे 28 जणांनी डिसेंबर 1844 मध्ये पीठ, लोणी, साखर विकणारे छोटे दुकान उघडले आणि नफा भांडवलाच्या नव्हे, तर खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत देण्याची रीत रुजवली. तीच येथे लागू करावी. समजा, वर्षअखेर 900 रुपये वाढावा उरला. नोंदणीकृत संस्थेप्रमाणे त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे 225 रुपये, राखीव निधीत ठेवावा. भागांवर 10 टक्के लाभांशाचे 120 रुपये द्यावेत. उरलेले 555 रुपये सभासदांच्या एकूण 11,100 रुपयांच्या खरेदीवर वाटले, तर रुपयाला 5 पैसे पडतात. ज्या मुलीच्या घरी 300 रुपयांची खरेदी झाली, तिला भागावर 2 आणि खरेदीवर 15 रुपये मिळतील. हे गणित तिने स्वतः मांडलेले असावे.

फेअर ट्रेड, म्हणजेच न्याय्य व्यापार, या शब्दाचा आमच्यापुरता अर्थ आम्ही प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर छापतो. 80 रुपयांच्या पिशवीत कापड व दोऱ्याचे 30, शिलाईचे 28, वाहतूक व आमच्या कामाचे 10 आणि स्टॉलचे 12 रुपये असतात. आंतरराष्ट्रीय प्रमाणित चिन्हामागे किमान किमतीची हमी आणि उत्पादकांनी मिळून खर्च करावयाचे अधिमूल्य (किमतीव्यतिरिक्त मिळणारी जादा रक्कम) अशी स्वतंत्र व्यवस्था आहे. ते चिन्ह आमच्या मालावर नाही, आणि विद्यार्थ्यांनी ग्राहकांना तसे स्पष्ट सांगावे. एखाद्या पालकाने घासाघीस केल्यास ही चिठ्ठी पुढे करावी. सवलत द्यायचीच झाली, तर ती स्टॉलच्या 12 रुपयांतून द्यावी. शिलाईच्या 28 रुपयांना हात लावू नये.

अन्नसुरक्षेच्या 2020 च्या नियमांनुसार साखर, मीठ किंवा मेद अधिक असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. म्हणून कितीही मागणी आली, तरी चिक्की आणि साखरेचे कोकम सरबत आम्ही शाळांना पाठवत नाही. हळद व आमसूल पालकसभेच्या दिवशी चांगले खपतात. पावसाळ्यात पाकिटे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. न उघडलेला, कोरडा माल सत्र संपण्यापूर्वी आम्ही त्याच किमतीने परत घेतो.