लक्ष देणं आणि लक्ष लागणं

मराठीत लक्षाला दोन क्रियापदं आहेत. लक्ष देता येतं आणि लक्ष लागतं. 'मी लक्ष दिलं' यात कर्ता मी असतो. 'माझं लक्ष लागलं' हे मात्र झोप लागावी, भूक लागावी तसं आपसूक घडतं. घरात, वर्गात, ऑफिसात आपण रागावतो ते नेहमी पहिल्या क्रियापदाने: "लक्ष दे!" झोप न लागणाऱ्या माणसावर "झोप की नीट!" म्हणून खेकसण्यात अर्थ नसतो, हे आपल्याला कळतं. लक्ष न लागणाऱ्याच्या बाबतीत मात्र ते कळायला वैद्यकशास्त्रालाही फार वेळ लागला.

ज्या विकाराबद्दल मी लिहितो आहे त्याला डॉक्टर 'अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून एडीएचडी म्हणतात. त्यात तीन धागे असतात: लक्ष न टिकणं, सतत हालचाल, आणि विचाराआधी कृती. कोणात एक धागा ठळक, कोणात तिन्ही. आईवडिलांची पहिली शंका बहुतेक वेळा एकच असते: "मोबाइलवर तर तीन तास लक्ष लागतं, मग अभ्यासातच का नाही?" शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर विकाराच्या मुळाशी जातं. खेळात फळ लगेच मिळतं, दर काही सेकंदांनी. जूनमध्ये उघडलेल्या पुस्तकाचं फळ मार्चमध्ये. मेंदूचा कपाळामागचा भाग आणि खोलवरची केंद्रं यांना जोडणाऱ्या मार्गांवर डोपामाइन आणि नॉरॲड्रेनालिन ही रसायनं निरोप वाहून नेतात. दूरच्या फळाची ओढ आत्ताच्या क्षणी जाणवणं बरंचसं याच मार्गांवर अवलंबून असतं, आणि एडीएचडीत त्यांचं काम वेगळं चालतं. त्यामुळे मोबाइलवर खिळलेलं मूल पाहून 'याला काही झालेलं नाही' असा निष्कर्ष काढता येत नाही.

हा विकार मोबाइलच्या जमान्याने आणला, असं अनेकांना वाटतं. पण अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने 1798 साली मनोविकारांवरच्या आपल्या ग्रंथात अवधानावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आणि जन्मजात अस्थिर लक्षाचं वर्णन केलं. 1902 मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने आपल्या व्याख्यानांत अशा मुलांची उदाहरणं मांडली, पण दोष शोधला तो 'नैतिक नियंत्रणा'त. म्हणजे मूल आजारी आहे हे मान्य, तरी ठपका वागणुकीवरच.

पुढचं पाऊल पडलं ते अपघाताने. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये मुलांच्या एका मनोरुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली काम करत. तेव्हा मेंदूचा एक्स-रे काढण्यासाठी पाठीच्या कण्यातून द्रव काढून आत हवा सोडत, आणि त्यानंतर मुलांचं डोकं भयंकर दुखे. त्यावर उतारा म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिलं. डोकेदुखीला फारसा फरक पडला नाही, पण शाळेतले शिक्षक येऊन सांगू लागले की मुलं अभ्यासाला बसताहेत. 1937 मध्ये त्यांनी 30 मुलांचे निष्कर्ष छापले. त्यातल्या 14 जणांच्या शालेय कामात ठळक सुधारणा दिसली होती. मुलांनी या गोळ्यांना नाव दिलं 'गणिताच्या गोळ्या'. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत कसं होतं, हे कोडं पुढची कित्येक वर्षं सुटलं नाही. आज त्याचं साधारण उत्तर असं: औषध मेंदूच्या लगाम धरणाऱ्या भागाला बळ देतं.

विकाराच्या अधिकृत नावात 'लक्ष' हा शब्द यायला मात्र 1980 उजाडलं. त्याआधी अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत तो 'बालपणातली अतिहालचालीची प्रतिक्रिया' म्हणून होता. 'बालपणातली' हा शब्द नीट पाहा. हे दुखणं मुलांचं, त्यातही मुलग्यांचं, आणि वयात आलं की आपोआप जाणारं, असा सार्वत्रिक समज होता. आपल्याकडचं "मोठा झाला की सुधारेल" हे वाक्य त्याच समजाचं मराठी रूप.

या समजाला थोडा आधारही होता. फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये छापलेल्या अभ्यासात 223 एडीएचडी असलेली आणि तितकीच नसलेली मुलं घेऊन त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा वर्षानुवर्षं तपासल्या. मेंदूचं बाह्य आवरण वाढत्या वयात जाड होत जातं, एका टप्प्यावर कमाल जाडी गाठतं आणि मग विरळ होऊ लागतं. आवरणाच्या निम्म्या भागाने ही कमाल जाडी गाठण्याचं वय इतर मुलांत साधारण साडेसात होतं, एडीएचडी असलेल्यांत साडेदहा. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता. हालचाल घडवणारा पट्टा मात्र उलट जरा लवकरच पिकलेला. घोडा तयार आणि स्वार अजून लहान, असं चित्र त्यातून उभं राहतं. मग स्वार मोठा झाला की सगळं ठीक होईल, असं वाटणं साहजिक होतं.

ते तसं झालं का, हे सांगणारा सर्वांत मोलाचा पुरावा एमटीए नावाच्या अभ्यासातून आला. त्याच्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण त्याचे निष्कर्ष एकदा एक आणि नंतर दुसरंच सांगू लागले, आणि तरी संशोधकांनी त्या मुलांचा माग सोडला नाही.

1990च्या दशकात अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांवर 7 ते 9 वर्षं वयाची, एडीएचडीचं पक्कं निदान झालेली 579 मुलं निवडली गेली. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गट पाडले. एकाला काटेकोर औषधोपचार; दुसऱ्याला वर्तनोपचार, म्हणजे पालकांचं प्रशिक्षण, आठ आठवड्यांचं उन्हाळी शिबिर, वर्गात मदतनीस; तिसऱ्याला दोन्ही; आणि चौथा गट आपापल्या गावातल्या डॉक्टरांकडे. 14 महिन्यांच्या उपचारांचा निकाल 1999 मध्ये छापून आला. मूळ लक्षणांवर औषधाचा आणि दोन्ही मिळून केलेल्या उपचारांचा गुण नुसत्या वर्तनोपचारापेक्षा जास्त होता. दोन्ही मिळालेल्या मुलांना औषधाचा डोसही कमी पुरला. गंमत म्हणजे चौथ्या गटातली दोनतृतीयांश मुलंही औषध घेतच होती, पण त्यांचा गुण कमी. फरक होता तो देखरेखीचा. अभ्यासातर्फे औषध मिळालेल्या मुलांचा डोस सुरुवातीला 28 दिवस रोज तपासून ठरवला गेला आणि नंतर दर महिन्याला अर्धा तास डॉक्टर भेटत राहिले. गोळी तीच असली तरी तिच्यामागचं लक्ष वेगळं होतं.

मग अभ्यासाचे उपचार थांबले, मुलं आपापल्या वाटेने गेली, आणि तीन वर्षांच्या टप्प्यावर चारही गटांतला फरक पुसला गेला. औषधाच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघांनीही यावरून बरंच काही म्हटलं. मला त्यातून एवढंच दिसतं की मधुमेहात जसं एक वर्ष नीट काळजी घेऊन पुढची दहा वर्षं भागत नाहीत, तसंच इथेही आहे.

खरी नवलाची गोष्ट त्यानंतरची. ही मुलं पंचविशीत येईपर्यंत त्यांची पुन:पुन्हा तपासणी होत राहिली. मार्गारेट सिबली आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या 558 जणांची सोळा वर्षांची नोंद 2022 मध्ये मांडली. सुमारे 30 टक्के जण कधी ना कधी पूर्णपणे लक्षणमुक्त झालेले दिसले. एखाद्या डॉक्टरने नेमक्या त्याच वर्षी पाहिलं असतं, तर 'बरा झाला' असाच शेरा दिला असता. पण त्यातल्या बहुतेकांची लक्षणं परत आली. टिकून बरे झालेले निघाले जेमतेम 9 टक्के. कायम सारख्याच तीव्रतेने त्रास असलेले 11 टक्क्यांच्या आसपास. जवळजवळ 64 टक्क्यांची वाट भरती-ओहोटीची होती.

भरती कधी आणि ओहोटी कधी, याचाही शोध त्यांनी घेतला. अंदाज असा होता की आयुष्यात ताण आणि जबाबदाऱ्या वाढल्या की लक्षणं बळावतील. 2024 मध्ये उलटंच दिसलं: पूर्ण ओहोटीचा काळ बऱ्याचदा जास्त जबाबदाऱ्यांच्या काळाशी जुळत होता. जबाबदारीने माणूस सावरतो, की सावरलेला माणूसच जबाबदारी अंगावर घेतो, हे या आकड्यांवरून ठरत नाही. पण 'याला झेपणार नाही' म्हणून तरुणाला प्रत्येक कामापासून दूर ठेवणाऱ्या घरांनी हा निष्कर्ष जरूर ऐकावा.

मोठेपणी लक्षणांचं रूप पालटतं, आणि गफलत तिथे होते. वर्गभर धावणारा मुलगा तिशीत बैठकीत शांत बसलेला दिसतो. चुळबूळ आत गेलेली असते. बिल भरायची तारीख हुकते, नोकऱ्या बदलतात, दहा कामं सुरू आणि एकही पूर्ण नाही. मराठीने या प्रत्येक वयासाठी एकेक टोमणा तयार ठेवला आहे: लहानपणी द्वाड, तरुणपणी बेफिकीर, पुढे आरंभशूर, म्हातारपणी विसरभोळा. सगळेच द्वाड आणि आरंभशूर या विकाराचे नसतात, पण ज्यांना तो असतो त्यांना हे टोमणे एकामागून एक मिळत जातात. मुलींच्या वाट्याला तर टोमणाही उशिरा येतो. खिडकीबाहेर पाहत बसणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, त्यामुळे तिला डॉक्टरकडे कोणी नेत नाही. पुष्कळ स्त्रियांचं निदान त्यांच्या मुलाच्या तपासणीत होतं. डॉक्टर लक्षणं वाचत जातात आणि आईला कळतं की हे आपलंही वर्णन आहे. याला कारण आहे: जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या विकाराची आनुवंशिकता सुमारे 74 टक्के निघते, म्हणजे जवळजवळ उंचीच्या तोडीची.

2013 मध्ये त्याच अमेरिकी यादीतले निदानाचे निकष बदलले. सतरा आणि त्यापुढच्या वयासाठी सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी धरली गेली, आणि ती सातऐवजी बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत असं ठरलं. मग प्रश्न आला, मोठेपणीच सुरू होणारा एडीएचडी असतो का? न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या 1037 जणांच्या अभ्यासाने 2015 मध्ये खळबळ उडवली: 38व्या वर्षी निकषांत बसणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांना लहानपणी हा विकार नव्हता. पण एमटीएच्या संशोधकांनी तुलनेसाठी घेतलेल्या, लहानपणी एडीएचडी नसलेल्या गटातले असे 'उशिराचे' तरुण एकेक करून तपासले, तेव्हा 95 टक्के गळाले. कोणाचं कारण व्यसन होतं, कोणाचं दुसरा मानसिक आजार. प्रश्नावली भरून घेणं आणि निदान करणं यांत एवढं अंतर असतं. समाजमाध्यमांवरच्या 'ही दहा लक्षणं असतील तर' छापाच्या पोस्ट पाहताना मला हा आकडा आठवतो.

निदानासाठी रक्ताची चाचणी नाही, स्कॅन नाही. मानसोपचारतज्ज्ञ वेळ देऊन बोलतात, घरच्यांना विचारतात, झोप, थायरॉइड, नैराश्य, चिंता, ऐकू येणं, वाचनाची अडचण हे सगळं पडताळतात. मोठ्या माणसाच्या बाबतीत आईने ट्रंकेत जपलेली प्रगतिपुस्तकं फार कामी येतात. "हुशार आहे, पण लक्ष देत नाही" हा शेरा चौथीपासून दहावीपर्यंत वेगवेगळ्या अक्षरांत सापडला, तर तो पुरावाच असतो. लहान मुलांत मात्र घाई नको. अमेरिकेत शाळाप्रवेशाचं वय 1 सप्टेंबरपर्यंत पूर्ण व्हावं लागतं अशा राज्यांत, ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा हे निदान 34 टक्के जास्त मिळालं, असं 2018 मध्ये दिसून आलं. विकार वर्गातल्या धाकट्यांना निवडून होत नाही. वर्षभराने मोठ्या मुलांशेजारी बसलेलं मूल चंचल वाटतं, एवढंच. मूल लवकर शाळेत घालण्याची ओढ आपल्याकडेही आहे, म्हणून हे सांगितलं.

उपचारांत मिथाइलफेनिडेट हे मुख्य औषध. भारतात ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे हर एक दुकानात मिळत नाही आणि चिठ्ठीशिवाय मिळूच नये. ॲटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेलं औषध. त्याचा गुण यायला काही आठवडे जातात. भूक मंदावणं, झोप उडणं, नाडी आणि रक्तदाब वाढणं यांवर डॉक्टरांची नजर लागते, मुलांत उंचीवरही. मोठ्यांना बोधात्मक वर्तनोपचाराची जोड उपयोगी पडते: वेळ डोळ्यांना दिसेल अशी मांडायची, कामाचे तुकडे करायचे. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मराठीतूनही बोलतो. हे सगळं कशासाठी, असं वाटत असेल तर डेन्मार्कचा आकडा पाहा. 19 लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींत एडीएचडी असलेल्यांचा मृत्युदर सुमारे दुप्पट निघाला, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा अपघातांचा होता.

सर्वांत दुर्लक्षित राहिले आहेत ते पन्नाशीपुढचे लोक. 2020 मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर प्रश्नावलीनुसार या वयात सुमारे 2.18 टक्के लोकांत एडीएचडीची ठळक लक्षणं होती. दवाखान्यात निदान झालेले 0.23 टक्के. उपचार घेणारे 0.09 टक्के. निवृत्तीनंतर ऑफिसची घंटा, कनिष्ठांची मदत, ठरलेली वेळ हे टेकू निघून जातात आणि आयुष्यभर झाकलेला वेंधळेपणा उघडा पडतो. चष्मा हरवतो, गॅस चालू राहतो, वाक्य अर्ध्यावर तुटतं. घरचे घाबरून स्मृतिभ्रंशाच्या तपासणीला आणतात, आणि ते योग्यच आहे. त्या शक्यता तपासायलाच हव्यात. पण तपासणाऱ्याने एक प्रश्न विचारायला विसरू नये: हे कधीपासून? शेजारच्या खुर्चीवरून बायको म्हणते, "अहो, हे लग्न झाल्यापासून असेच आहेत. सासूबाई सांगायच्या, शाळेतही रोज दप्तर विसरून यायचे." तिथून पुढची तपासणी वेगळ्या दिशेने जाते.