फेरारी 250 एलएम, चॅसी क्रमांक 5893 : एका गाडीचा साठ वर्षांचा प्रवास

फेब्रुवारी 2025 मध्ये पॅरिसच्या लिलावात एक लाल फेरारी 3 कोटी 48 लाख 80 हजार युरोंना गेली. त्या वेळच्या दराने हे 300 कोटी रुपयांच्या वर होतात. मॉडेल 250 एलएम, चॅसी क्रमांक, म्हणजे सांगाड्यावरचा ओळख क्रमांक, 5893. याच मॉडेलची दुसरी एक गाडी 2015 मध्ये कॅलिफोर्नियात 1 कोटी 76 लाख डॉलरना विकली गेली होती आणि तेव्हा तोही आकडा मोठा वाटला होता. घडण तीच, इंजिन तेच, तरी किंमत दुप्पट. हा फरक कुठून आला हे समजायचं तर 1963 पासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात फेरारीने 250 एलएम पहिल्यांदा दाखवली. रेखाटन पिनिनफारिना या डिझाइन कंपनीचं, अॅल्युमिनियमची बॉडी स्कालिएत्तीच्या कारखान्यातली, आतला सांगाडा नळ्यांचा आणि बारा सिलिंडरचं इंजिन चालकाच्या पाठीमागे. फेरारीच्याच आधीच्या 250 जीटीओने शर्यती गाजवल्या होत्या, पण तिचं इंजिन पुढे होतं आणि त्या रचनेचे दिवस भरत आले होते. 250 एलएम ही जीटीओचीच पुढची आवृत्ती आहे, असा एन्झो फेरारी यांचा दावा होता. फेरारीच्या पद्धतीत 250 म्हणजे एका सिलिंडरची घनक्षमता. प्रत्यक्षात पहिल्या गाडीनंतरच्या सगळ्या 250 एलएममध्ये 3.3 लिटरचं इंजिन होतं, त्यामुळे नाव 275 हवं होतं. ते 250 ठेवलं ते याच दाव्यासाठी.

मोटार शर्यतींचे नियम ठरवणाऱ्या एफआयए या जागतिक संस्थेने दावा मानला नाही. जीटी गटात, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवर बेतलेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या गटात, उतरायला 100 गाड्या बांधलेल्या असाव्या लागत आणि 250 एलएम शेवटपर्यंत मोजून 32 झाल्या. एन्झो इतके संतापले की 1964 च्या अखेरीस त्यांनी इटलीचा शर्यत-परवाना परत केला. त्या मोसमाच्या शेवटच्या दोन फॉर्म्युला वन शर्यतींत फेरारीच्या गाड्या लाल नव्हे, तर अमेरिकेच्या पांढऱ्या-निळ्या रंगात धावल्या. फेरारीचे चालक जॉन सर्टीझ यांनी मेक्सिकोत जगज्जेतेपद मिळवलं तेही याच रंगांत. परवाना पुढे पुन्हा घेतला गेला, पण 250 एलएमची कोंडी सुटली नाही. तिला आता प्रोटोटाइप गटात, म्हणजे खास शर्यतीसाठीच बांधलेल्या गाड्यांच्या गटात, स्वतःपेक्षा कितीतरी ताकदवान गाड्यांसमोर उभं राहावं लागणार होतं. फेरारीच्या कारखान्याचा संघ त्या गटात वेगळ्याच गाड्या उतरवत असे. त्यामुळे 250 एलएम खासगी संघांच्या वाट्याला आली.

5893 ही त्यांतलीच एक, 1964 मध्ये बांधलेली. ती लुइगी किनेटी यांच्या नॉर्थ अमेरिकन रेसिंग टीमकडे, म्हणजे ‘नार्ट’कडे गेली. किनेटी मूळचे इटलीचे. त्यांनी स्वतः तीनदा ल माँ, म्हणजे फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत, जिंकली होती. त्यांतला 1949 चा विजय हा तिथला फेरारीचा पहिला. त्या शर्यतीत चोवीसपैकी बावीसहून अधिक तास स्टिअरिंग त्यांच्याच हाती होतं. पुढे अमेरिकेत फेरारी विकण्याचं काम त्यांनी उभं केलं. फेरारीला अमेरिकेत नाव मिळालं त्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही असं मला मनापासून वाटतं.

19 आणि 20 जून 1965. ल माँच्या चोवीस तासांत सगळ्यांचं लक्ष फोर्ड विरुद्ध फेरारी या झुंजीकडे होतं. 21 क्रमांकाची 5893 मॅस्टन ग्रेगरी आणि योखेन रिंट यांच्याकडे होती. ग्रेगरी कॅन्सस सिटीचा, जाड काचांचा चष्मा लावणारा. रिंट तेवीस वर्षांचा, पाच वर्षांनी मरणोत्तर फॉर्म्युला वनचा जगज्जेता ठरणारा. सुरुवातीच्या काही तासांतच गाडी निम्म्या सिलिंडरवर फुरफुरत पिटमध्ये आली. सिलिंडरना ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या दुरुस्तीत अर्धा तास गेला. आता काही खरं नाही असं धरून रिंटने घरी जायचे कपडेही चढवले होते, असं सांगितलं जातं. मग दोघांनी ठरवलं, गाडी मोडायचीच असेल तर मोडू दे, पण आता हातचं काही राखायचं नाही.

मोडल्या त्या मात्र पुढच्या गाड्या. फोर्डच्या एकामागून एक बाद झाल्या, सात लिटर इंजिनवाल्यासुद्धा. फेरारीच्या कारखान्याच्या संघाला ब्रेकच्या डिस्कना पडलेल्या चिरांनी जेरीला आणलं. रविवारी आघाडीवर होती ती द्युमे आणि गोसलँ यांची पिवळी 250 एलएम, म्हणजे तीही खासगीच. तिचं टायर फुटलं, मागची बॉडी फाटली आणि दुरुस्तीत आघाडी हातची गेली. शेवटच्या टप्प्यात 5893 चं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग, तोही कुरकुरू लागला होता. ग्रेगरीने वळणावळणाला जपत गाडी शेवटपर्यंत आणली. 348 फेऱ्या, 4,677 किलोमीटर, दुसऱ्या क्रमांकावर पाच फेऱ्यांची आघाडी. टायर गुडइयरचे होते, त्या कंपनीचाही ल माँमधला हा पहिला विजय. एफआयएने नाकारलेल्या गाडीने फेरारीला सलग सहावं विजेतेपद मिळवून दिलं. पुढचं यायला 2023 उजाडलं.

विजयानंतर 5893 ला कुणी काचेच्या कपाटात ठेवलं नाही. नार्टसाठी ती कामाची गाडी होती आणि शर्यती पळतच राहिली. ल माँला ती 1968 मध्ये आणि 1969 मध्ये पुन्हा गेली. 1969 मध्ये झेकोली आणि सॅम पोझी यांनी तिला आठव्या क्रमांकावर आणलं, तेव्हा तिची रचना चांगलीच जुनी झाली होती. अमेरिकेतल्या डेटोनाच्या शर्यती धरून ती चोवीस तासांच्या सहा शर्यतींत उतरली, शेवटची 1970 मध्ये. फेरारीच्या त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याही गाडीच्या नावावर हे नाही.

1970 मध्येच ती इंडियानापोलिस मोटर स्पीडवेच्या संग्रहालयात आली आणि 54 वर्षं तिथेच राहिली. जुन्या शर्यतीच्या गाड्यांच्या बाबतीत हे विरळा आहे. सहसा अशी गाडी दहा हातांतून जाते. एक मालक इंजिन बदलतो, दुसरा अपघातानंतर नवा सांगाडा घालतो, तिसरा जुने भाग विकून टाकतो आणि शेवटी एकाच चॅसी क्रमांकावर दोन गाड्या दावा सांगू लागतात. 5893 चं इंजिन आणि गिअरबॉक्स मूळचेच राहिले.

पुनर्बांधणीचा प्रश्न इथेही आलाच. शर्यतीच्या गाडीला एकच एक मूळ रूप नसतं. दर शर्यतीगणिक पत्रा ठोकून सरळ होतो, रंग आणि क्रमांक बदलतात. 1970 ची डेटोनाची गाडी आणि 1965 ची ल माँची गाडी चॅसीने एक असली तरी दिसायला एक नव्हती. संग्रहालयाच्या ताब्यात असताना तिला 1965 चं रूप देण्यात आलं, लाल रंग आणि गोल पांढऱ्या चकतीत 21. निवड समजण्यासारखी आहे. पण तिने डेटोनात काढलेली वर्षं त्या रंगाखाली झाकली गेली, आणि तीही तिच्याच इतिहासाचा भाग होती. जमेची बाजू ही की सगळे भाग सुटे करून, पत्रा आरशासारखा गुळगुळीत करून तिला कारखान्यातून आल्यासारखी नवी करण्याचा हव्यास कुणी केला नाही.

संग्रहालयाने इमारतीच्या नूतनीकरणाच्या काळात, इंडियानापोलिसच्या शर्यतीशी थेट नातं नसलेल्या काही गाड्या विकायला काढल्या, त्यांत 5893 होती. पॅरिसच्या त्या लिलावाच्याच सुमारास संग्रहालयाची 1950च्या दशकातली मर्सिडीज डब्ल्यू 196 पाच कोटी युरोंहून जास्त किमतीला गेली.

एवढा सलग कागदोपत्री इतिहास असूनही एका रात्रीचा वाद उरला आहे. अमेरिकन चालक एड ह्यूगस 1965 च्या ल माँमध्ये नार्टचे राखीव चालक होते. बऱ्याच वर्षांनंतर त्यांनी सांगितलं की पहाटे धुक्यात चष्म्यातून दिसेना म्हणून ग्रेगरी पिटमध्ये आले, रिंट सापडेनात, तेव्हा काही काळ गाडी आपण चालवली. राखीव चालक बसला की ज्याच्या जागी तो बसला त्याला पुन्हा गाडी घेता येत नसे, म्हणजे हे खरं असेल तर त्याच वेळी संघ बाद व्हायला हवा होता. याचं छायाचित्र नाही, नोंदही नाही. अशा दाव्यावर निकाल बदलता येत नाही. पण ह्यूगस हे ल माँला अनेकदा धावलेले, जाणते चालक होते, म्हणून त्यांचं म्हणणं इतिहास लिहिणाऱ्यांनी वगळूही नये असं माझं मत आहे. 2006 मध्ये ते वारले. अधिकृत निकालात आजही ग्रेगरी आणि रिंट ही दोनच नावं आहेत.