पीएमपी, पीजीएमपी, पीएफएमपी : तीन परीक्षांचे तीन उगम

हिंजवडीत सात-आठ वर्षं प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून काढली की एक प्रश्न हमखास पडतो : पीएमपी झालं, आता पुढचं कोणतं? या प्रश्नात एक गृहीत दडलेलं असतं. एकेक प्रकल्प सांभाळणाऱ्यांची पीएमपी ही प्रमाणपत्र-परीक्षा पहिली पायरी, प्रोग्रॅमची, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या प्रकल्पांच्या गटाची, पीजीएमपी दुसरी, पोर्टफोलिओची, म्हणजे कंपनीने कोणती कामं घ्यायची त्या निवडीची, पीएफएमपी तिसरी. जणू दहावी, बारावी, पदवी. माझ्या मते हे गृहीतच चुकीचं आहे. ते का, हे कळायला या परीक्षा कुठून आल्या ते पाहावं लागतं.

प्रकल्पाचं वेळापत्रक शास्त्रशुद्ध आखायची आजची साधनं अमेरिकेत 1950च्या दशकाच्या अखेरीस घडली. 1957च्या सुमारास डुपाँ या रसायन कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ची, म्हणजे कुठली कामं लांबली तर सगळा प्रकल्प लांबतो ते शोधायची, पद्धत आकाराला आली. 1958 मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामातून ‘पर्ट’ हे अनिश्चित कामांच्या वेळेचा अंदाज बांधायचं तंत्र आलं. ही साधनं वापरणारी माणसं बांधकाम, रसायनं, संरक्षण अशा क्षेत्रांत विखुरलेली होती. डॉक्टरला, वकिलाला व्यवसाय म्हणून ओळख होती, यांना नव्हती. 1969च्या ऑक्टोबरात अटलांटाच्या जॉर्जिया टेक या संस्थेत ही मंडळी जमली आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, उभी राहिली. पुढची वर्षं एकाच प्रश्नाभोवती फिरली : या व्यवसायाचं स्वतःचं असं ज्ञान नेमकं कोणतं? 1983च्या अहवालात त्याची पहिली मांडणी झाली आणि 1984 मध्ये पीएमपीची पहिली परीक्षा झाली. ज्याला आपण ‘पिमबॉक’ म्हणतो, त्या मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती थेट 1996 मध्ये आली. म्हणजे परीक्षा आधी आणि आज ओळखीचं असलेलं पुस्तक बारा वर्षांनी.

पीएमपीचा स्वभाव या जन्मातून आला. काम कुठल्याही क्षेत्रातलं असो, त्या माणसाला हा व्यवसाय येतो की नाही, एवढंच ती विचारते. म्हणून तिला पदवीधराचा 36 महिन्यांचा अनुभव लागतो आणि 35 तासांचं प्रशिक्षण लागतं. 2021 मध्ये परीक्षेचा आराखडा बदलला, 42 टक्के प्रश्न माणसं सांभाळण्यावर आले, अजाइल, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करत बदल सामावून घ्यायची पद्धत, आलं. पण मूळ प्रश्न तोच राहिला.

ब्रिटनची गोष्ट निराळी. तिथे ही निकड व्यावसायिकांना भासली नव्हती, ती गिऱ्हाइकाला भासली होती, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे सरकार. संगणकाचे सरकारी प्रकल्प वेळ आणि पैसा खात होते. 1975 मध्ये एका खासगी कंपनीने प्रकल्प चालवायची ‘प्रॉम्प्ट’ नावाची पद्धत तयार केली होती. 1979 मध्ये ती सरकारच्या संगणक आणि दूरसंचार यंत्रणेने स्वीकारली. त्यातून 1989 मध्ये प्रिन्स आलं आणि 1996 मध्ये, आता फक्त संगणकापुरतं न राहिलेलं, प्रिन्स2. त्यातला प्रोजेक्ट बोर्ड, म्हणजे प्रकल्पावर देखरेख करणारं मंडळ, नीट पाहा : पैसा देणाऱ्यांचा एक, वापरणाऱ्यांचा एक, पुरवठादाराचा एक. ज्याने कंत्राटदारांकडून काम करून घेताना हात पोळून घेतले आहेत, त्यानेच ही रचना केलेली दिसते. ‘हा प्रकल्प अजून करण्याजोगा आहे का?’ हा प्रश्न तिथे प्रत्येक टप्प्यावर विचारावाच लागतो. प्रिन्स2ची फाउंडेशन, म्हणजे पायाभूत, परीक्षा अनुभवाशिवाय देता येते, कारण ती पद्धत कळली का एवढंच तपासते. यावरून तिला हलकं समजणं मला पटत नाही. प्रिन्स2ची मालकी आधी अ‍ॅक्सिलॉसकडे आणि 2021 मध्ये पीपलसर्ट या कंपनीकडे गेली, पण तो बोर्ड तसाच आहे.

युरोपातलं तिसरं घराणं इंटरनॅशनल प्रोजेक्ट मॅनेजमेंट असोसिएशनचं, म्हणजे आयपीएमएचं. 1965 मधली ही संघटना वेगवेगळ्या देशांच्या संस्थांचा संघ म्हणून वाढली. तिची ए ते डी अशी चार पातळ्यांची प्रमाणपत्रं आहेत आणि वरच्या पातळ्यांवर परीक्षक समोर बसून मुलाखत घेतात. भारतात तिच्या वतीने प्रोजेक्ट मॅनेजमेंट असोसिएट्स ही संस्था काम करते. आपल्याकडे तिचं नाव फारसं निघत नाही. जर्मन कंपन्यांशी काम करणाऱ्यांनी मात्र ते लक्षात ठेवावं.

आता ‘प्रोग्रॅम’. मराठीत हा शब्द ऐकला की एक तर लग्नाचा कार्यक्रम आठवतो, नाही तर संगणकाचा कोड. इथला अर्थ कळायला कोकण रेल्वेसारखं उदाहरण नाही. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग सात विभागांत वाटला गेला आणि प्रत्येक विभागाला एक मुख्य अभियंता मिळाला. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा हा स्वतःच एक मोठा प्रकल्प होता. पण गोव्यात पेडण्याच्या बोगद्याची मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळत होती, आणि तो अडला होता तोवर करबुडं पूर्ण झाल्याचा मुंबईहून मडगावला निघालेल्या माणसाला काय उपयोग? शिवाय गोव्यात मार्ग कुठून जावा यावर आंदोलन पेटलं. ते मिटवणं कुठल्याच बोगद्याच्या वेळापत्रकात बसत नव्हतं. 26 जानेवारी 1998ला पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा कुठे सगळ्या तुकड्यांचा एकत्र फायदा दिसला. तुकडे वेळेत संपवणं हे प्रोजेक्ट मॅनेजरचं काम. तुकडे जुळून फायदा हाती येईल हे पाहणं, हे प्रोग्रॅमचं.

ब्रिटनने हे 1999 मध्ये ‘मॅनेजिंग सक्सेसफुल प्रोग्रॅम्स’, म्हणजे एमएसपी, या मार्गदर्शिकेत मांडलं. पीएमआयने प्रोग्रॅमचं मानक 2006 मध्ये काढलं आणि 2007 मध्ये पीजीएमपी सुरू केली. सुरुवातीला तिला तीन चाळण्या होत्या : अर्जाची तज्ज्ञांकडून छाननी, लेखी परीक्षा, आणि सोबत काम केलेल्या लोकांकडून मूल्यमापन. तिसरी पुढे गळाली. छाननी मात्र टिकली आणि खरी कसोटी तीच आहे. माझ्या एका सहकारी मॅडमनी आपला पीजीएमपीचा अर्ज मला वाचायला दिला होता. पहिल्या मसुद्यात तारखा होत्या, बजेट होतं, टीममधल्या माणसांची संख्या होती, एका बँकेसाठी केलेल्या तीन प्रकल्पांची तीन सुंदर वर्णनं होती. फायद्याविषयीच्या उत्तरात एकच ओळ : ‘सर्व प्रकल्प वेळेत पूर्ण झाले.’ मी एवढंच विचारलं, मग बँकेच्या शाखेत काय बदललं? त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘अहो, हे मी कधी मोजलंच नाही.’ त्यांनी अर्ज वर्षभर पुढे ढकलला आणि त्या वर्षात ते मोजायचं काम अंगावर घेतलं.

‘पोर्टफोलिओ’ हा शब्द तर बांधकामाच्या मांडवातून आलेलाच नाही, तो शेअर बाजारातून आला. 1952 मध्ये हॅरी मार्कोविट्झ यांनी दाखवलं की एकेका शेअरचा धोका सुटा पाहून भागत नाही, सगळी गुंतवणूक एकत्र पाहावी लागते. त्यासाठी त्यांना 1990 मध्ये नोबेल मिळालं. 1981 मध्ये हार्वर्डच्या वॉरेन मॅकफार्लन यांनी तोच विचार कंपन्यांच्या संगणक प्रकल्पांना लावला. म्हणजे मूळ प्रश्न ‘काम नीट कसं करायचं’ हा नव्हताच. ‘कोणतं काम घ्यायचं आणि कोणतं सोडायचं’ हा होता. ब्रिटनची ‘मॅनेजमेंट ऑफ पोर्टफोलिओज’ (एमओपी) ही मार्गदर्शिका 2011ची, पीएमआयची पीएफएमपी 2014ची. पीएफएमपीला व्यवसायातला एकूण 96 महिन्यांचा अनुभव लागतो आणि त्यावर पोर्टफोलिओचा वेगळा. पीएमपी असावीच अशी अट नाही, आणि ते योग्यच आहे. कंपनीच्या वित्त विभागात बसून दरवर्षी कुठल्या प्रस्तावाला पैसे द्यायचे हे ठरवणारा माणूस या परीक्षेच्या जास्त जवळ असतो. दहा प्रकल्प एकाच वेळी सांभाळणाऱ्या मॅनेजरने आपल्या कामाला पोर्टफोलिओ म्हटलं तरी निवड त्याच्या हातात नसते.

भारतात यातली पीएमपीच इतकी का फोफावली, याचं कारण आयटीत आहे. आपली गिऱ्हाइकं बहुतांश अमेरिकेतली, आणि त्यांच्या निविदांमध्ये पीएमपी झालेल्या मॅनेजरांबद्दल विचारणा होऊ लागली. पुण्यात, मुंबईत पीएमआयच्या शाखा उभ्या राहिल्या, शनिवार-रविवारचे क्लास भरू लागले. ज्यांचं गिऱ्हाईक लंडनमध्ये होतं, ते प्रिन्स2कडे वळले. निवड अशी गिऱ्हाइकाच्या पत्त्यावरून होत गेली, आणि पहिल्या प्रमाणपत्रापुरती ती चुकीची नाही. पुढच्याला मात्र पत्ता पुरत नाही. तिथे अर्जाचा कोरा नमुना आधी उतरवून घ्यावा, आपल्या गेल्या चार वर्षांच्या कामातून तो भरून पाहावा, आणि कुठल्या रकान्यापाशी पेन थांबतं ते बघून मगच फी भरावी.