माउसचे जादा बटण आणि पडद्याचा पत्ता

माउसवर अंगठ्याखाली असलेले जादा बटण दाबताच ब्राउझर किंवा कॅल्क्युलेटर उघडावा, ही अपेक्षा साधीच आहे. पण लिनक्सवर अशी जोडणी फसते तेव्हा दोष बहुधा बटणात नसतोच.

बटण दाबले की कर्नल, म्हणजे लिनक्सचा उपकरणे हाताळणारा गाभा, त्याची एक ठरावीक साच्याची नोंद करतो. वेळ, घटनेचा प्रकार, संकेतांक आणि मूल्य एवढेच त्या नोंदीत असते. डाव्या बटणाचा संकेतांक २७२, उजव्याचा २७३, आणि बाजूच्या दोन बटणांचे बहुतेक माउसवर २७५ व २७६ असतात. दाबल्यावर मूल्य १ होते, सोडल्यावर ०. त्या बटणाने पुढे काय घडावे, हे ठरवणे कर्नलचे काम नाही.

१९८७ मध्ये आलेली एक्स११ ही पडद्यावर खिडक्या दाखवणारी चित्रप्रणाली हीच बटणे स्वतःच्या क्रमांकांनी ओळखते. चाक फिरवणे हेही तिच्या लेखी बटण दाबणेच असल्याने ४ ते ७ हे क्रमांक चाकाच्या उभ्या-आडव्या हालचालींत खर्ची पडतात आणि बाजूच्या बटणांच्या वाट्याला ८ व ९ येतात. ‘एक्सइव्ह’ या तपासणीच्या प्रोग्रामची छोटी खिडकी उघडून तिच्यावर बटण दाबले की त्याचा क्रमांक दिसतो. मग बटणांना आज्ञा जोडणाऱ्या ‘एक्सबाइंडकीज’ या प्रोग्रामच्या फाइलमध्ये एका ओळीत अवतरणचिन्हांत आज्ञा आणि खालच्या ओळीत ‘b:8’ अशा रूपात तो क्रमांक लिहिला की जोडणी झाली.

खरी अडचण येते ती बटणावर पाळत ठेवणारा प्रोग्राम यंत्रणेची सेवा म्हणून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालवल्यावर. टर्मिनलमध्ये बिनतक्रार चालणारी आज्ञा तेथे ‘डिस्प्ले उघडता येत नाही’ असे सांगून थांबते. खिडकी काढण्यासाठी प्रोग्रामला दोन गोष्टी लागतात: कोणत्या पडद्यावर काढायची याचा पत्ता, जो ‘डिस्प्ले’ या पर्यावरण-चलात (प्रोग्रामला सुरू होताना मिळणाऱ्या नावनिशीच्या मूल्यात) असतो, आणि तेथे काढण्याची परवानगी सिद्ध करणारी गुप्त खूण, जी सहसा वापरकर्त्याच्या ‘एक्सऑथॉरिटी’ फाइलमध्ये असते. दोन्ही गोष्टी लॉगिननंतर सुरू झालेल्या प्रोग्रामांना वारशाने मिळतात, तर संगणक सुरू होतानाच जागी झालेली सेवा त्या वारशाबाहेर राहते. अशा वेळी पडद्यावर कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणाऱ्या ‘एक्सहोस्ट’ या आज्ञेला नुसते अधिक चिन्ह जोडून सगळी दारे उघडण्याचा सल्ला दिला जातो, तो मुळीच मानू नये, कारण त्याने पडद्यावरचे प्रवेशनियंत्रणच बंद होते. पाळत ठेवणारा प्रोग्राम लॉगिननंतर आपल्याच नावाने, आपल्याच सत्रात सुरू करणे हाच योग्य उपाय आहे.

एक्स११च्या जागी आलेल्या वेलँड या नव्या प्रणालीत चित्र आणखी बदलते. कळा आणि बटणांच्या घटना तेथे कंपोझिटरच्या, म्हणजे सर्व खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या प्रोग्रामच्या, हाती असतात आणि तो त्या फक्त संबंधित खिडकीला देतो. त्यामुळे एखाद्या प्रोग्रामला दुसऱ्याच्या खिडकीत टाइप होणारा पासवर्ड चोरून पाहता येत नाही, पण त्याच कारणाने एक्सबाइंडकीजलाही वेलँडच्या खिडक्यांवर दाबलेले बटण कळत नाही. म्हणून जोडणी कंपोझिटरच्याच सेटिंगमध्ये करावी लागते. ‘स्वे’ या कंपोझिटरमध्ये तर बटणाची जोडणी मूलतः खिडकीच्या शीर्षकपट्टीपुरतीच चालते, खिडकीत कोठेही बटण चालावे यासाठी ‘होल-विंडो’ हा पर्याय द्यावा लागतो. जेथे अशी सोय नाही, तेथे ‘इनपुट-रिमॅपर’ हा प्रोग्राम बटणाचे रूपांतर एरवी न लागणाऱ्या एखाद्या कीबोर्ड शॉर्टकटमध्ये करतो, आणि त्या शॉर्टकटला प्रोग्राम जोडण्याचे काम डेस्कटॉपच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये होते. प्रोग्राम मग डेस्कटॉपच सुरू करतो, त्यामुळे पडद्याचा पत्ता त्याला आपोआप मिळतो.