घाटातला ॲडव्हान्स, सपाटीवरचा ॲडव्हान्स

"भाऊ, गाडी ओढून नाही राहिली," म्हणत कोणी जुनी पेट्रोल अँबेसडर आणली, की आमच्या दर्यापूरकडे बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, ढिला करून अंदाजाने फिरवला जातो. त्याने मूळ टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची ठरलेली वेळ, तेवढं हलतं. गाडी चालताना ठिणगी आणखी लवकर पाडणाऱ्या, म्हणजे ॲडव्हान्स देणाऱ्या, दोन यंत्रणांपैकी कोणती बिघडली, हे बघायचं राहूनच जातं.

पेट्रोल जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी हवी. १००० आरपीएमला (मिनिटाला १००० फेऱ्या) क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, ३००० ला १८. वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पडायला हवी, आणि ते काम पॉइंटच्या (ते उघडले की ठिणगी पडते) प्लेटखालच्या दोन वजनांचं. गोफण फिरवली की दगड बाहेर ओढतो, तशी ती स्प्रिंगांना ताणत पसरतात आणि पॉइंट उघडणारा कॅम पुढे सरकवतात. त्यांना वेग कळतो, भार कळत नाही.

भार कळतो बाजूच्या व्हॅक्युमच्या (हवेच्या ओढीच्या) डबीला. दर्यापूर-अकोटच्या सपाट रस्त्यावर पाय हलका असतो. सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं, ते सावकाश जळतं. तेव्हा कार्ब्युरेटरकडून आलेल्या नळीतला व्हॅक्युम डबीतला पडदा ओढतो, पडदा पॉइंटची प्लेट कॅमच्या उलट दिशेला फिरवतो आणि ठिणगी आणखी लवकर पडते. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटाला लागून पाय दाबला, की व्हॅक्युम पडतो आणि प्लेट मागे येते. ती आली नाही तर इंजिन ठोकायला, म्हणजे खटखट वाजायला लागेल. घाटात काम उरतं फक्त वजनांचं.

म्हणून पडदा फाटलेली गाडी घाट नीट चढते, सपाटीवर पेट्रोल जास्त खाते. वजनं गंजून अडकली असतील तर मात्र रस्ता कोणताही असो, वेग वाढवताना गाडी मरगळते, तापते.

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतला फिरता रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने पिळून सोडा, तो झटकन परत आला पाहिजे. मग नळीचं कार्ब्युरेटरकडचं टोक काढून त्यातून तोंडाने हवा ओढा. प्लेट सरकली पाहिजे, आणि जिभेने टोक बंद ठेवलं तर तिथेच थांबली पाहिजे.

वडिलांच्या गाडीची नळी एका गॅरेजात स्क्रू घालून बंद केली होती. पडदा फाटलाय, हे कोणी सांगितलंच नाही. युद्धकाळातली विलीज जीप नुसत्या वजनांवर चाले, पण अँबेसडरला दोन्ही लागतात. नळी बंद करायची ती टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावून मूळ टायमिंग बघण्यापुरती, आणि नंतर आठवणीने परत जोडायची.